स्लॅबलाही शाकारणी लागते

कोकणात कौलारू घर असलेल्या माणसाला वैशाख लागला की शाकारणी आठवते. फुटकी कौलं बदलायची, वाशांची वाळवी झाडायची, पन्हळीतला पालापाचोळा काढायचा आणि मृगाच्या आत घर पावसाला तयार ठेवायचं, ही रीत तिथे कुणाला शिकवावी लागत नाही. शहरात सिमेंटचा स्लॅब आला आणि ही रीत मोडली. स्लॅब एकदा पडला की जन्माची निश्चिंती, असा समज पक्का झाला.

इमारतींच्या देखभालीत माझी बरीच वर्षं गेली. दुकानं, ऑफिसं, दवाखाने, गोदामं असलेल्या इमारतींच्या गच्च्या मी कोरड्या पाहिल्या, तुंबलेल्या पाहिल्या आणि फोडलेल्याही पाहिल्या. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. वाहून जाणाऱ्या पावसाने गच्ची सहसा खराब होत नाही. तिचं आयुष्य कमी होतं ते तुंबलेल्या पाण्याने आणि माणसांनी पाडलेल्या भोकांनी. ही दोन्ही कारणं आवरायला फार पैसा लागत नाही. ठरलेल्या वेळी कुणीतरी वर जावं लागतं, एवढंच.

ठाण्यातलं एक उदाहरण

पाच मजली व्यापारी संकुल होतं. जुलैतल्या मुसळधार पावसात सकाळीच मला बोलावणं आलं. वरच्या मजल्यावरच्या एका ऑफिसात फॉल्स सीलिंग कोसळलं होतं, फायलींची कपाटं भिजली होती आणि विजेच्या डक्टमधून पाणी उतरत मीटर रूमकडे चाललं होतं. आधी वीज बंद करायला लावली, मग वर गेलो. गच्चीचं दार बाहेर ढकलायला दोघांना जोर लावावा लागला, कारण पलीकडे घोट्याच्या वर पाणी होतं. पावसाळी पाइपचं तोंड कुठे आहे हे वॉचमनला सांगता येईना. बांबूने चाचपत ते शोधलं आणि एका कामगाराने हात घातला. कबुतरांची पिसं, शेवाळाचा चिखल, एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात त्या काळ्या फोमचे तुकडे, थर्माकोल, गुटख्याच्या पुड्या असं सगळं बाहेर आलं. या सगळ्यावर झाकणासारखी बसली होती एक प्लास्टिकची पिशवी. ती निघाली तसं पाणी घों घों करत खाली गेलं आणि तासाभरात गच्ची मोकळी झाली.

गळती मात्र थांबली नाही. पुढे कितीतरी दिवस छतातून थेंब पडत राहिले. दिवाळीनंतर गच्चीवरचा कोबा फोडला तेव्हा आतले विटांचे तुकडे हाताला ओले लागत होते. खालच्या बाजूने प्लास्टर उतरवलं तर स्लॅबच्या सळ्यांवर गंजाचे पापुद्रे सुटले होते. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने या गच्चीवर ‘वॉटरप्रूफिंग’ म्हणून केमिकलचा लेप दिला होता. त्याचं हमीपत्र फाइलमध्ये जपून ठेवलेलं होतं. वर्षातून दोनदा गच्ची साफ केली आणि लेपाला कुठेही भोक पाडलं नाही तरच हमी लागू, अशी अट त्यात स्पष्ट लिहिलेली होती. गच्ची साफ झाल्याची एकही नोंद नव्हती. एसीवाल्यांनी पाडलेली भोकं मात्र जागोजागी होती. हमी तिथेच संपली.

तुंबलेलं पाणी काय करतं

पहिली गोष्ट वजनाची. एक चौरस मीटर जागेत १० सेंटिमीटर पाणी साठलं तर ते १०० किलो भरतं. ३०० चौरस मीटरच्या, म्हणजे सुमारे ३,२०० चौरस फुटांच्या गच्चीवर तेवढंच पाणी ३० टन होतं. ज्या सपाट गच्चीवर माणसांची ये-जा असते तिच्यासाठी भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो एवढा भार धरलेला आहे. पाइप तुंबलेला असताना १०० मिलिमीटर पाऊस झाला की त्यातला दोनतृतीयांश भार एकट्या पाण्याचा होतो, आणि मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात एका दिवसात तेवढा पाऊस होणं ही नवलाची गोष्ट नाही. २६ जुलै २००५ ला तर सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता.

दुसरी गोष्ट मुरण्याची. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. उताराला आणि ऊन अडवायला तो चांगला. पण वरच्या थराला भेग पडली की विटा पाणी पितात आणि महिनोन्‌महिने धरून ठेवतात. हे पाणी आतल्या आत सरकत जातं आणि स्लॅबमध्ये वाट मिळेल तिथून उतरतं. म्हणून छतावर जिथे डाग दिसतो, त्याच्या बरोबर वरच गळतीचं मूळ असेल असं नाही. डागाच्या वर लेप मारून घेणाऱ्यांचे पैसे वाया जातात ते याच कारणाने.

तिसरी गोष्ट सळईची. चांगल्या काँक्रीटमधला अल्कधर्म लोखंडाला जपतो. हवा आणि ओल मुरत राहिली की तो कमी होतो आणि सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, दुपटीपासून सहापटीपर्यंत. त्याच्या रेट्याने काँक्रीटचे खपले सुटतात. छताचा खपला पडला म्हणजे हे काम आत कधीचं चालू होतं असं समजावं.

यात उन्हाची भर पडते. ३० मीटर लांबीचा स्लॅब तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर सुमारे ९ मिलिमीटर लांब-आखूड होतो. हे ताणणं-आकसणं सांध्यांमधून निघून जावं म्हणून सांधे ठेवलेले असतात. त्यांत भरलेलं सीलंट कडक होऊन तुटलं की पाण्याला सरळ वाट मिळते.

वर्षाचं वेळापत्रक

माझ्या अनुभवात गच्चीला वर्षातून तीनदा नीट वेळ दिला तर पुरतं.

पहिली फेरी होळीनंतर, मार्च-एप्रिलमध्ये. दुरुस्त्या करायचा हा काळ, कारण पृष्ठभाग कोरडा असतो. मे अखेरीला ठेवलेली दुरुस्ती वळवाच्या पावसात सापडते. या फेरीत भेगा, सांधे, कठड्याचा माथा आणि स्लॅब-कठड्याच्या कोपऱ्यातला गोल वाटा तपासा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. पुढच्या फेरीत भेग खुणेच्या पुढे गेलेली दिसली तर ती हलती आहे. तिच्यात सिमेंट भरून उपयोग नाही, लवचीक सीलंटच लागेल.

दुसरी फेरी मृगाच्या आधी. झाडलोट, पाइपची तोंडं मोकळी करणं आणि प्रत्येक तोंडात बादलीभर पाणी ओतून ते खाली जमिनीपर्यंत पोचतं का हे पाहणं. वर एक माणूस, खाली एक माणूस असं हे काम करावं. नुसतं तोंड साफ दिसलं म्हणजे पाइप मोकळा असतोच असं नाही. तोंडावरची जाळी सपाट असेल तर घुमटाच्या आकाराची बसवून घ्या. सपाट जाळीला एक पिशवी पुरते, घुमटाच्या जाळीत बाजूने पाणी जात राहतं.

तिसरी फेरी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्ये. पाणी कुठे साचत होतं ते तेव्हा गाळाच्या कडांवरून ओळखता येतं. तिथे उतार कमी आहे. साधारण मीटरला एक सेंटिमीटर उतार तरी हवा. उतार नसलेल्या जागी कितीही महागाचा लेप दिला तरी पाणी त्यावर बसणारच. आधी उतार, मग लेप. हा क्रम ठेकेदाराने उलटा सांगितला तर त्याला काम देऊ नका.

पावसाळ्यात मोठ्या सरीनंतर जाळ्यांवरून एक नजर टाकायची जबाबदारी एका माणसाला नावानिशी द्या. गच्ची सगळ्यांची असली की ती कुणाचीच नसते, हे मी फार ठिकाणी पाहिलं आहे.

झाडताना आणि धुताना

कचरा गोणीत भरून जिन्याने खाली आणायचा. तो पाइपच्या तोंडाशी लोटून पाण्याने खाली ढकलायची सवय सर्वत्र दिसते, आणि पाइप बेंडमध्ये तुंबतो तो त्यामुळेच. लेप किंवा मेम्ब्रेन असलेल्या गच्चीवर लोखंडी फावडं घासू नये. शेवाळ नायलॉनच्या ब्रशने आणि पातळ केलेल्या ब्लीचिंगच्या द्रावणाने काढून भरपूर पाण्याने धुवावं. ॲसिड वापरू नका. ते सिमेंट खातं, फरशांच्या दर्जा पोखरतं, आणि ब्लीचिंगमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. जेट मशीन लावायचंच तर दाब कमी ठेवा आणि मेम्ब्रेनच्या जोडाच्या फटीत फवारा जाईल अशा दिशेने मारू नका.

कबुतरांची वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नये. तिची धूळ छातीत जाऊन आजार होतात. आधी पाणी शिंपडा, तोंडाला मास्क लावा, मग उचला.

पक्ष्यांच्या विष्ठेतूनच पिंपळ, वड, उंबर कठड्यात रुजतात. वरचा कोंब मोडला की काम झालं असं वाटतं, पण मूळ आत वाढत राहतं. रोप लहान असतानाच मुळासकट खणून काढावं आणि पोकळी पॉलिमर मॉर्टरने भरावी. मनगटाएवढं मूळ झालं की कठडा फोडण्यावाचून इलाज उरत नाही.

गच्चीवर येणारे बाकीचे लोक

व्यापारी इमारतीच्या गच्चीवर मालकांपेक्षा बाहेरच्यांचा वावर जास्त. एसीवाले, केबलवाले, मोबाइल टॉवरवाले, फलक लावणारे, सोलरवाले. प्रत्येकाकडे ड्रिल मशीन असतं आणि गच्चीच्या लेपाशी कुणालाच देणंघेणं नसतं. लेखी परवानगीशिवाय स्लॅबला एकही भोक पाडायचं नाही, असा नियम करा आणि तो गच्चीच्या दारावर लावा. एसीचं युनिट रबर पॅडवर किंवा स्टँडवर ठेवता येतं. बोल्ट मारणं अगदीच भाग असेल तर त्याच दिवशी, आपल्या माणसासमोर तो सील झाला पाहिजे.

एसीचं ठिबकणारं पाणी पाइपने निचऱ्यापर्यंत न्या. भर मे महिन्यात कोरड्याठाक गच्चीवर एकच हिरवा पट्टा दिसतो तो या पाण्याचा, आणि पुढे पिंपळ उगवतो तोही तिथेच. खाली हॉटेल असेल तर धुराड्यातून उडणारं तेल गच्चीवर बसतं. डांबरी मेम्ब्रेन या तेलाने मऊ पडते. धुराड्याखाली तेल धरणारा ट्रे हवा आणि तो नियमित रिकामा व्हायला हवा.

पत्र्याचं छप्पर असेल तर

औद्योगिक वसाहतींतल्या शेडची दुखणी वेगळी. पत्रा टिकतो, स्क्रूखालचा रबरी वॉशर उन्हाने आधी चिरतो. म्हणून स्क्रू ओळीने तपासा आणि वॉशर बदला. नवीन भोक पाडल्यावर लोखंडाचा कीस पत्र्यावर राहू देऊ नका. एका पावसात तो गंजतो आणि खालचा पत्राही डागाळतो. दोन शेडमधली पन्हळ दर फेरीत साफ झाली पाहिजे.

पत्र्यावर चालायचं ते खालच्या आधाराच्या ओळीवर, म्हणजे स्क्रूच्या रेषेवरून. उजेडासाठी लावलेले प्लास्टिकचे पत्रे आणि सिमेंटचे जुने पत्रे माणसाचं वजन पेलतील असं धरून चालू नका. त्यांवर पाय पडून माणसं थेट खाली पडतात. फळ्या टाकल्याशिवाय आणि कंबरपट्टा नव्हे, तर पूर्ण अंगाचा सुरक्षा पट्टा भक्कम आधाराला बांधल्याशिवाय कुणालाही वर चढवू नका. ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्यांवर तर जेट मशीन कधीच नको, त्याचे तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात जातात.

पैसा आणि कागद

गच्चीसाठी एक वही ठेवा. साफसफाईची तारीख, कुणी केली, फोटो, कुठे काय दुरुस्त झालं, कुणाला काय बसवायला परवानगी दिली, हे त्यात असू द्या. हमीच्या वेळी हीच वही कामी येते. नवीन काम घेतल्यावर शेवटचा हप्ता देण्याआधी गच्चीचा एकेक भाग अडवून दोन-अडीच सेंटिमीटर पाणी भरा, एक-दोन दिवस ठेवा आणि खालून पाहा.

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५३ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. पण कायद्याने भाग पाडेपर्यंत थांबलेल्या इमारतींचे अहवाल मी वाचले आहेत. त्यांतली बरीच दुखणी वर्षानुवर्षं न काढलेल्या कचऱ्यापाशी आणि न भरलेल्या भोकांपाशी सुरू झालेली असतात.

ठाण्याच्या त्या संकुलात कोबा नव्याने घातला, सळ्या दुरुस्त केल्या आणि त्याचा भार प्रत्येक गाळेधारकावर पडला. तळमजल्याच्या दुकानदारांनी सुरुवातीला विचारलं, आमच्या डोक्यावर कुठे गळतंय? पाणी मीटर रूमपर्यंत उतरलं होतं हे त्यांना दाखवावं लागलं. गच्चीचा खर्च वरच्या मजल्याचा नसतो, सगळ्या इमारतीचा असतो. तुमच्या पुढच्या सभेत एवढंच ठरवा: गच्चीची किल्ली कुणाकडे, तो वर कधी जाणार आणि त्याने काय पाहिलं ते कुठे लिहिणार. बाकीची कामं या तीन उत्तरांनंतर आपोआप सुचत जातील.