पारखीची मुदत

मुक्काम जळगाव,
आषाढ वद्य पंचमी

चि. बापू यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. तालुक्याच्या कबड्डी निवड समितीवर तुझी नेमणूक झाली आणि शालेय स्पर्धांचा हंगाम तोंडावर आला असताना मुले पाहावीत कशी, हा प्रश्न तू मोकळेपणाने विचारलास, याचा मला फार संतोष वाटला. कारण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचे पुढचे आयुष्य ज्यांच्या पेन्सिलीच्या एका खुणेवर अवलंबून असते, ती माणसे हा प्रश्न सहसा कोणाला विचारीत नाहीत. मैदानाच्या कडेला खुर्ची मांडली की आपल्याला सारे दिसते, अशा समजुतीने ती कागद भरू लागतात.

माझे म्हणणे एवढेच आहे की, पारखीला मुदत लागते. कपाशीची पहिली वेचणी पाहून सबंध शेताचा उतारा सांगणाऱ्या व्यापाऱ्यावर जसा कोणी इतबार ठेवीत नाही, तसा एका सामन्यावरून मुलगा ठरवणाऱ्यावरही ठेवू नये. चौदा वर्षांखालील गटाचा सामना लागला म्हणजे एका अंगणात ओठावर लव आलेला, खांदे भरलेला मुलगा उभा असतो आणि समोर ज्याचा आवाजही अजून फुटलेला नाही असे पोर; दाखल्यावर दोघांचे वय एकच. पहिला दुसऱ्याला कंबरेत धरून उचलतो आणि बाहेर टाकतो, लोक टाळ्या पिटतात आणि समिती त्याचे नाव लिहून मोकळी होते. पण त्या पकडीत कौशल्य किती आणि दोन वर्षे आधी आलेले शरीर किती, याचा हिशेब कोणी मांडीत नाही. अठराव्या वर्षी दुसऱ्याचेही अंग तेवढेच भरते, आणि तेव्हा असे दिसून येते की, ज्याला सर्व काही बळावर मिळत गेले त्याने पायांची विद्या कधी शिकलीच नाही, आणि ज्याला ती शिकल्यावाचून गत्यंतर नव्हते, तो एव्हाना खेळ सोडून कुठल्याशा दुकानात वा केळीच्या बागेत कामाला लागला आहे.

हे दुखणे केवळ आपलेच नाही. रॉजर बार्नस्ली या संशोधकाने १९८५ साली कॅनडातील आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांचा भरणा अपेक्षेबाहेर आढळला; तेथे मुलांचे वय १ जानेवारीपासून मोजत असल्यामुळे जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्या मुलाहून जवळजवळ वर्षाने थोर असूनही दोघे एकाच गटात पडत, आणि लहानपणची ती आघाडी निवड, अधिक सराव व चांगला प्रशिक्षक यांच्या रूपाने व्याजासकट वाढत जाई. इंग्लंडातील रग्बी लीगच्या मुलांच्या संघांतही पुढे हेच आढळले. आपल्याकडे तर अडचण याहून बिकट आहे, कारण आपल्या दप्तरांतल्या जन्मतारखेवरच भरवसा ठेवता येत नाही. शाळेचे हजेरीपत्रक उघडून पाहा: निम्म्या वर्गाचा जन्म १ जूनचा निघेल! त्यात आई-बापांची लबाडी नसते. शाळेत नाव घालताना तारीख कोणाला आठवत नव्हती आणि गुरुजींनी सोयीची तारीख लिहिली, इतकेच. म्हणून मुलाच्या घरी जाशील तेव्हा आईला विचार की, हा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, अगोदर झाला की नंतर, श्रावणातल्या कानबाई बसल्या होत्या काय, त्या वर्षी पाऊस कसा होता. तिच्या उत्तरावरून खरे वय तुझ्या नोंदवहीत तुझ्यापुरते लिहून ठेव. सरकारी कागद बदलण्याचा अधिकार तुला नाही आणि तशी इच्छाही धरू नकोस. मात्र कोणी वय चोरण्यासाठी नवा दाखला करून आणला, तर तो मुलगा कितीही गुणी असो, त्याच्या नावावर सही करू नकोस, कारण त्याच्या जागी जो लहान मुलगा घरी बसणार, त्याची बाजू मांडायला समितीच्या खोलीत तुझ्यावाचून कोणी नसते.

वजनाविषयी मी कठोर बोलणार आहे. किशोर गटाला ५५ किलोची मर्यादा आहे, आणि ती दुबळ्या मुलांच्या रक्षणासाठी घातलेली असताना तिच्याच पायी मुलांचे हाल होताना मी पाहिले आहेत. वजनकाट्यावर उभे राहण्यापूर्वी दोन दिवस पोराला उपाशी ठेवायचे, पाणी तोडायचे, भर उन्हात अंगावर जाड कपडे घालून पळवायचे आणि वजन भरले की त्याच संध्याकाळी त्याला सामन्यात उतरवायचे, हा प्रकार ज्या संघात चालतो त्या संघाच्या प्रशिक्षकाची शिफारस तू मुळीच मानू नकोस. वाढीच्या वयातले शरीर कापून गट जिंकण्यापेक्षा मुलगा वरच्या गटात हरलेला पुष्कळ बरा.

आता पाहावे काय? गुण मोजू नकोस. ते मोजायला गुणलेखक बसलेला असतो. तू पाय पाहा. यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एका आश्रमशाळेच्या मैदानावर मी एक अनवाणी, किरकोळ अंगाचा मुलगा डाव्या कोपऱ्यात खेळताना पाहिला होता. समोरचा चढाईपटू उंच होता आणि बोनस रेषेवर पाय टाकून परत फिरण्यात पटाईत होता. पहिल्या दोन वेळा त्या पोराने घाई केली, घोट्याकडे झेपावले आणि हाती धूळ आली. तिसऱ्या चढाईला ते हालले नाही. गुडघ्यांत वाकून, शेजाऱ्याचा हात न सोडता ते वाट पाहत राहिले; चढाईपटूने पुढचा पाय रेषेपलीकडे टेकवला आणि नियमाप्रमाणे मागचा पाय हवेत उचलला, म्हणजे देहाचा सारा भार जेव्हा एकाच पायावर आला, नेमक्या त्या क्षणी या पोराने तो टेकलेला पाय धरला, आणि तो उंच गडी बसल्या जागी कोसळला. हे त्याला कोणी शिकवले नव्हते; दोन वेळा फसल्यावर त्याने ते स्वतः ताडले होते. मला विचारशील तर निवडीस योग्य गुण तो हाच: दुसऱ्या चुकीनंतर मुलगा काय करतो. बाद होऊन बाहेर बसल्यावर त्याची नजर खेळावर असते की प्रेक्षकांवर, हेही पाहा. आणि मातीवर वाढलेल्या मुलाला पहिल्यांदा मॅटवर उभे करशील तेव्हा त्या दिवसाचा खेळ हिशेबात धरू नकोस. तेथे पाय चिकटतो, वळण बदलते, बूट पायांना परके वाटतात, आणि महिनाभराने तेच पोर ओळखू येत नाही.

क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्यांविषयी तू विचारले आहेस. तीस मीटर धाव, मेडिसिन बॉलची फेक, उभी उडी, सहा वेळा दहा मीटरची ये-जा, आठशे मीटर, पुढे वाकून हाताची पोच, या साऱ्या मोजण्या उपयोगाच्या आहेत आणि वशिल्याला थोडाफार आळा घालतात, म्हणून त्या अवश्य घ्याव्या. परंतु दम धरून शत्रूच्या अंगणात शिरलेल्या मुलाला तीस सेकंदांत काय सुचते, हे कोणत्याही फीतपट्टीवर उमटत नाही. नुसत्या शरीरावरून केलेली पारख कशी फसते, ते कुस्तीगीर खाशाबा जाधव यांच्यावरून पाहा: १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. त्यांच्या किरकोळ बांध्याकडे पाहून महाविद्यालयाच्या कुस्त्यांत त्यांना घेण्यास प्रथम नकार मिळाला होता, असे सांगतात.

यापुढचा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थोडा विस्तार करतो. गुणी मुलगा सापडला, निवड झाली, आणि जिल्ह्याच्या शिबिराला तो आलाच नाही, की आपण लिहितो: 'गैरहजर'. पण तो का आला नाही? दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी चालू असते, साक्रीकडची कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, रावेर-यावलकडे केळीचे घड वाहण्याचे काम असते, आणि अशा दिवसांत पोराचे दोन हात म्हणजे घरातली एक मजुरी असते. दारात उभ्या असलेल्या शिक्षकाला बापाने विचारलेले मी ऐकले आहे, "कापूस येचाले कोन जाई?" या प्रश्नाला उत्तर नसेल तर आपली पारख व्यर्थ आहे. आपल्या खानदेशचा कापूस ज्या लँकेशायरच्या गिरण्यांना एके काळी जात असे, त्या भागातल्या आणि शेजारच्या यॉर्कशायरमधल्या गिरणीकामगारांवर व खाणकामगारांवर हाच प्रसंग आला होता. शनिवारी सामना खेळायचा तर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडे. ती भरून द्यावी अशी उत्तरेकडील क्लबांची मागणी रग्बीच्या धुरीणांनी फेटाळली, तेव्हा १८९५ च्या ऑगस्टमध्ये हडर्सफील्ड येथे जमून विगन, ओल्डम आदी क्लबांनी निराळी संघटना उभी केली, आणि पुढे तिच्यातूनच तेरा-तेरा गड्यांचा रग्बी लीग हा खेळ घडला. एक अख्खा खेळ बुडालेल्या मजुरीच्या वादातून जन्माला आला, हे तुझ्या समितीतल्या मंडळींना जरूर सांग.

तेव्हा तू काय करावेस? शिबिराच्या तारखा वेचणीच्या ऐन भरात पडू नयेत म्हणून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कचेरीत वेळेवर अर्ज दे. एसटीचे भाडे आणि दुपारचे जेवण यांची तजवीज संस्थेकडून, नाही तर गावातल्या चार सधन शेतकऱ्यांकडून, आधीच करून ठेव. आणि मुले पाहायला स्पर्धेची वाट पाहू नकोस. होळीच्या सुमारास, भोंगऱ्याच्या बाजाराला सातपुड्यातली पावरा आणि भिल्ल कुटुंबे कामावरून परततात, आखाजीला सारा खानदेश आपापल्या गावी असतो. तेव्हा संध्याकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत जा. जी मुले कोणत्याही शाळेच्या यादीत नाहीत, ती तुला तेथे भेटतील. सानेगुरुजी १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि छात्रालयाचे काम पाहत असताना मुलांसाठी हाताने दैनिक लिहून काढीत. मुलांना ओळखायचे तर त्यांच्यात राहावे लागते, हा धडा आपल्याच खानदेशातला आहे.

मुलींच्या बाबतीत एवढे पाळ की, त्यांच्या संघाबरोबर एक स्त्री शिक्षक असल्याशिवाय बस सोडू नकोस आणि परतण्याची वेळ घरी सांगितली असेल ती मोडू नकोस. २०१२ साली पाटण्यास पहिला महिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. तशा मुली आपल्याकडेही आहेत. पण आईचा विश्वास बसला तरच त्या मैदानापर्यंत पोचतात, आणि तो विश्वास एकदा मोडला तर साऱ्या गावातल्या मुलींचा खेळ बंद होतो.

मुलांना आशा दाखवताना जपून बोल. प्रो कबड्डीच्या लिलावातले आकडे आता प्रत्येक पोराला पाठ असतात, आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या कप्तानीखाली पुणेरी पलटणने २०२४ साली विजेतेपद मिळवल्यापासून तर साऱ्यांनाच तेथे जायचे आहे. तेथे जाणारे थोडे, हे त्यांना स्पष्ट सांग. पण त्याच दमात हेही सांग की, राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत, पोलीस आणि रेल्वे यांचे संघ आहेत, आणि या सर्व वाटांवर दहावी-बारावीचे प्रमाणपत्र मागतात. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचा विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाला आणि पुढे पोलीस खात्यात अधिकारी झाला, हे उदाहरण दूरचे नाही.

डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवायचे नाही. तो कितीही म्हणो, सामना कितीही अटीतटीचा असो. यावर चर्चा नको. आणि पकडीच्या अगोदर पडायला शिकव.

उरली ती वगळलेली मुले. यादी फलकावर डकवून निघून जाऊ नकोस. ज्याचे नाव नाही त्याला बाजूला घेऊन कारण सांग, आणि ते असे सांग की त्याला त्यावर काही करता यावे: 'तुझा डावा पाय मागे राहतो', 'तू शेजाऱ्याचा हात लवकर सोडतोस'. मग सहा महिन्यांनी पुन्हा बघायला येईन असे सांग, आणि खरोखर जा. ज्या मुलाची उंची त्या अवधीत चार बोटे वाढली असेल, त्याला ओळखायला तुझ्याजवळ पूर्वीची नोंद हवी. म्हणून नाव, गाव, आईने सांगितलेले वय, उंची, कोणत्या बाजूने खेळतो आणि चुकल्यावर काय केले, एवढा तपशील प्रत्येकाचा लिहीत जा, निवडलेल्यांचा आणि न निवडलेल्यांचाही.

श्रावणात मी धुळ्याला येणार आहे. तेव्हा गेल्या दोन हंगामांत तुमच्या तालुक्यातून ज्यांना वगळले, त्यांची यादी कचेरीतून मागून घेऊन ये. त्यातली कोण मुले अजून खेळतात आणि कोणत्या गावी आहेत, ते आपण दोघे मिळून पाहू आणि जमेल तितक्यांच्या घरी जाऊ. आक्कास माझा नमस्कार सांग. कळावे, लोभ आहेच.

तुझा,
मामा