पगाराचा दिवस

(सिनेमा मुका होता, त्या काळात चार्ली चॅप्लिन या नटाने साऱ्या जगाला हसवले. त्याचा एक छोटा चित्रपट वर्गात पाहताना घडलेला प्रसंग लेखकाने या पाठात सांगितला आहे. विनोद कशातून निर्माण होतो आणि हसताना कशाचे भान ठेवावे, हे या पाठातून आपल्याला कळते.)

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. वडवणीत सकाळपासून झड लागली होती. मैदानात चिखल झाला होता, त्यामुळे खेळाचा तास घेता येईना. नववीची मुले कंटाळून बसली होती. मी शाळेचा प्रोजेक्टर वर्गात आणला, खिडक्यांना चादरी लावल्या आणि म्हणालो, "चला, आज आपण सिनेमा पाहू."

"कोणत्या भाषेतला, सर? उर्दू की मराठी?" एकाने विचारले.

"कोणत्याच नाही. या सिनेमात कोणी बोलतच नाही."

मराठीच्या तासाला शब्द अडला की मान खाली घालणारी मुले एकदम खूश झाली.

चित्रपटाचे नाव होते 'पे डे', म्हणजे पगाराचा दिवस. १९२२ साली निघालेला हा चित्रपट अर्ध्या तासाहूनही लहान आहे. तो चार्ली चॅप्लिनने स्वतः लिहिला, स्वतः दिग्दर्शित केला आणि त्यात मुख्य कामही त्यानेच केले. चॅप्लिनचा जन्म १८८९ साली झाला. त्याचे बालपण लंडनमध्ये अतिशय गरिबीत गेले. सात वर्षांचा असतानाच त्याला गरिबांसाठीच्या आश्रयगृहात राहावे लागले होते. भूक म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

या चित्रपटात चार्ली गवंडी झाला आहे. तो कामावर उशिरा येतो. मुकादम रागाने लाल झालेला असतो. चार्ली हळूच त्याच्यापुढे एक फूल धरतो! मग तो खड्डा खणू लागतो. कुदळ अशी जोरात उगारतो, की आता धरणी दुभंगणार असे वाटावे. पण माती निघते चिमूटभर. जेवणाच्या सुट्टीत त्याच्याजवळ डबा नसतो. इमारतीचा पाळणा खालीवर होत असतो. कोणी त्यावर आपला खाऊ ठेवतो आणि तो नेमका चार्लीपुढे येऊन थांबतो. मुले पोट धरून हसत होती.

त्यानंतर विटांचा प्रसंग आला. चार्ली परांचीवर उभा आहे आणि खालून मजूर भराभर विटा फेकत आहेत. तो त्या हाताने झेलतो, पायाने झेलतो, पाठीमागे न पाहताही झेलतो. एकही वीट खाली पडत नाही. वर्गात टाळ्या पडल्या.

शेवटी पगार मिळतो. बायकोला कळू नये म्हणून चार्ली नोटा टोपीत लपवतो. पण ती त्याच्याही पुढची! ती बरोबर टोपीतूनच पैसे काढून घेते. मग तोही तिच्या पर्समधले पैसे लांबवतो आणि रात्रभर मित्रांबरोबर उधळपट्टी करतो. घरी परतताना पाऊस कोसळत असतो. ट्राममध्ये पाय ठेवायला जागा नसते. अखेर तो एका खाऊच्या गाडीलाच ट्राम समजून आत चढतो. आपण एसटीत वरची दांडी धरतो ना, तसा तो तिथे टांगलेला खाद्यपदार्थ धरून ऐटीत उभा राहतो! पहाटे घरी पोहोचतो, तोच गजर वाजतो. बिचारा आताच उठल्याचे सोंग करून कामावर जायची तयारी करू लागतो. पैसाही गेला आणि झोपही गेली.

दिवा लावला तेव्हा सगळा वर्ग हसत होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र गप्प होता.

"तुला आवडला नाही का सिनेमा?" मी विचारले.

तो उभा राहिला. थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "सर, माझे अब्बा गवंडीकाम करतात. बाजाराच्या दिवशी आठवड्याची मजुरी मिळते. दोन वर्षांपूर्वी ते पैसे घेऊन बाजारात गेले आणि खिशातून पैसे पडले. सगळा बाजार पालथा घातला, पण सापडले नाहीत. अम्मीच्या तोंडचं पाणी पळालं. त्या रात्री आमच्या घरात कोणी हसलं नव्हतं."

वर्गातले हसू एकदम थांबले. काय बोलावे, मलाही क्षणभर सुचेना.

बीड जिल्ह्यातील मुलांना हे वेगळे सांगावे लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि मग सारा हंगाम घाम गाळून ती फेडायची. अशा घरात नोट हरवते तेव्हा नुसता कागद हरवत नाही, अनेक दिवसांची मेहनत हरवते.

मी त्या मुलाला विचारले, "तुझे अब्बा विटा झेलतात का?"

"हो सर. खालचा माणूस फेकतो, अब्बा वर झेलतात. पण पायानं नाही झेलत! पाठ फिरवून तर कोणालाच जमणार नाही."

"चार्लीलाही जमले नव्हते," मी म्हणालो. "तो वरून विटा खाली टाकत होता. चित्र उलटे फिरवले, म्हणून त्या वर आल्यासारख्या दिसल्या."

मुलगा पहिल्यांदाच हसला. "म्हणजे सर, चार्लीचं काम खोटं आणि अब्बांचं खरं!"

त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. पडद्यावरचा वेंधळा गवंडी आपल्याला हसवतो; पण आपली घरे उभी राहतात ती ओळंबा लावून, एकेक वीट जपून ठेवणाऱ्या गवंड्यांमुळे.

मग मी मुलांना एका मराठी चित्रपटाची गोष्ट सांगितली. १९५२ साली राजा परांजपे यांनी 'लाखाची गोष्ट' हा चित्रपट काढला. तो ग. दि. माडगूळकरांनी लिहिला होता. एका गरीब तरुणाला श्रीमंत माणसाच्या मुलीशी लग्न करायचे असते. तिचे वडील अट घालतात, "हे एक लाख रुपये महिन्याभरात खर्च करून दाखव." तो आणि त्याचा मित्र पैसे उडवायला निघतात, पण गंमत अशी, की पैसा काही केल्या संपतच नाही. उलट तो वाढत जातो! चार्लीच्या हातात पैसा टिकत नाही आणि या दोघांच्या हातून पैसा सुटत नाही. माणसाची फजिती मात्र दोन्हीकडे सारखीच.

या चित्रपटात राजा गोसावी यांची प्रमुख भूमिका होती. त्या वेळी ते पुण्याच्या भानुविलास चित्रपटगृहात तिकिटे विकण्याची नोकरी करत असत. हा चित्रपट लागला तेव्हा पडद्यावरचा नायकही तेच आणि खिडकीतून तिकीट देणारेही तेच, अशी आठवण सांगितली जाते.

"सर, पडद्यावर लाख रुपये आणि खिडकीत पगार!" पुढच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली. मागच्या बाकावरचा मुलगाही सर्वांबरोबर हसला.

तास संपताना मी मुलांना घरचा अभ्यास दिला. "पैसे हरवल्याचा किंवा फजितीचा एखादा प्रसंग घरच्यांना विचारा आणि मराठीत दहा ओळी लिहून आणा."

दोन दिवसांनी त्या मुलाने वही आणून दिली. त्याने लिहिले होते : 'मी अब्बांना चार्लीची गोष्ट सांगितली. अब्बा म्हणाले, "मीही पैसे टोपीत ठेवायला हवे होते, म्हणजे हरवले नसते." अम्मी म्हणाली, "टोपीत ठेवले असते तर मला लगेच सापडले असते." मग अब्बा खूप हसले. अम्मीपण हसली. त्या पैशांवर आमच्या घरात पहिल्यांदा हसू आले.'

दहा ओळींत शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. मी त्या दुरुस्त केल्या आणि खाली 'उत्तम' असा शेरा दिला.

मुलांनो, दुसऱ्याचे नुकसान पाहून हसणे हा विनोद नव्हे. ज्याचे नुकसान झाले, त्यालाही ज्यात सामील होता येते तो खरा विनोद. चॅप्लिनने गरिबी भोगली होती, म्हणूनच तो गरिबाला हसला नाही, गरिबाबरोबर हसला.

शब्दार्थ

झड – सतत पडणारा पाऊस
गवंडी – भिंत बांधणारा कारागीर, मेमार
परांची – उंचावर काम करण्यासाठी बांधलेला बांबू-फळ्यांचा मांडव
ओळंबा – भिंत सरळ आहे का ते पाहण्याचे दोरी-वजनाचे साधन
उचल – कामापूर्वी घेतलेली रक्कम, पेशगी
वेंधळा – गोंधळ करणारा
फजिती – फजीहत

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'पे डे' हा चित्रपट कोणत्या साली निघाला?
(आ) चार्लीने पगार कोठे लपवला?
(इ) 'लाखाची गोष्ट' या चित्रपटाचे दिग्दर्शक कोण?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) मागच्या बाकावरचा मुलगा हसला नाही.
(आ) मुलगा म्हणाला, "चार्लीचं काम खोटं आणि अब्बांचं खरं."

प्रश्न ३. चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
चार्लीची फजिती आणि 'लाखाची गोष्ट'मधील मित्रांची फजिती यांत कोणता फरक आहे?

प्रश्न ४. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
पोट धरून हसणे, तोंडचे पाणी पळणे, पालथा घालणे, घाम गाळणे.

प्रश्न ५. भाषाभ्यास
उर्दूतील 'मजदूर' मराठीत 'मजूर' होतो, 'हिसाब' मराठीत 'हिशेब' होतो. 'बाजार', 'मेहनत' आणि 'नुकसान' हे शब्द दोन्ही भाषांत आहेत. असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.

उपक्रम : तुमच्या गावातील एखाद्या कारागिराला भेटा. त्याच्या कामातील हत्यारांची मराठी नावे विचारून वहीत लिहा.