प्रकल्पाचे मूल्यमापन : निकषांची भाषा

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत २०१० पासून आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात प्रकल्प हे आकारिक मूल्यमापनाचे एक साधन आहे. प्रकल्पाला गुण देताना निकष व प्रत्येक निकषाच्या पातळ्यांचे वर्णन असलेला तक्ता, म्हणजेच रुब्रिक, वापरता येते.

समजा, इयत्ता चौथीला 'आजीच्या बोलण्यातील शब्द' हा प्रकल्प दिला आहे. तक्त्यात 'मांडणी सुंदर', 'संग्रह चांगला' अशी विशेषणे आली, की गुण चकचकीत पुठ्ठ्याला मिळतात. आणि तो पुष्कळदा पालकांनी सजवलेला असतो! म्हणून मुलाने काय केले, हे क्रियापदांनी सांगावे. वरची पातळी : शब्द कोणाकडून, कोणत्या प्रसंगी ऐकला हे नोंदवले, अर्थ स्वतःच्या वाक्यातून दाखवला. मधली : अर्थ दिला, प्रसंग नोंदवला नाही. आरंभीची : केवळ यादी केली.

'भाषा शुद्ध असावी' हा निकष मात्र येथे घातक ठरतो. मालवणी घरातील मुलीने मुलगी या अर्थाचा 'चेडू' हा शब्द आणला आणि तो अशुद्ध म्हणून खोडला, तर सांगितलेले काम केल्याबद्दलच तिचे गुण कापले जातात. लेखननियम तपासायचेच असल्यास ते तिच्या स्पष्टीकरणापुरते तपासावेत.

स्वाध्याय : 'गावातील व्यवसायांची माहिती' या प्रकल्पासाठी दोन निकष निवडून त्यांच्या तीन पातळ्या, विशेषणे टाळून, लिहा.