पाळी थांबली म्हणून इंजेक्शन सोडलं

प्रश्न : वय २७, मुलगी दीड वर्षाची. 'अंतरा' या गर्भनिरोधकाची दोन इंजेक्शनं घेतल्यावर पाळी बंद झाली. रक्त आत साठतं, पुढे मूल होत नाही, असं सासूबाई म्हणतात. म्हणून तिसरं घेतलं नाही. शेवटच्या इंजेक्शनला ५ महिने झाले. काय करू?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : ताई, रक्त कुठेही साठत नाही. या इंजेक्शनमुळे गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं, मग बाहेर पडायला फारसं काही उरतच नाही. बऱ्याच जणी याच भीतीने ते सोडतात. सुरुवातीलाच कुणी नीट सांगितलं असतं तर! मूलही होतं, फक्त शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण ७ ते १० महिने लागू शकतात.

मात्र इंजेक्शनचं संरक्षण आता संपलंय. पाळी नसली तरी दिवस राहू शकतात, म्हणून आधी लघवीची तपासणी करा. तोवर निरोध वापरा. 'अंतरा' पुन्हा घेता येईल. हार्मोन नको असेल तर तांबी आहे, 'छाया' गोळी आहे. 'छाया'नेही पाळी लांबते, हे आधीच सांगते. बिटको रुग्णालयात विचारा. खूप रक्तस्राव किंवा ओटीपोटात तीव्र वेदना झाल्यास लगेच डॉक्टरांकडे जा. आणि बिटकोत जाताना सासूबाईंनाही सोबत न्या.