जामखेडचे डॉ. रजनीकांत आरोळे : सेवा आणि समता

डॉक्टरच्या कर्तृत्वाचा विचार करताना आपण प्रथम त्याच्या हातून बरे झालेले रुग्ण मोजतो. डॉ. रजनीकांत आरोळे यांचे कार्य अभ्यासताना मात्र गावातील हातपंप कोठे बसला, हे आधी पाहावे लागते.

वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून पदवी घेतल्यावर आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल यांनी साठच्या दशकात अहमदनगर जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले. तेथे एक गोष्ट त्यांना बोचू लागली. हगवणीने सुकलेले मूल उपचारांनी बरे होऊन घरी जाई आणि तेच गढूळ पाणी पिऊन पुन्हा रुग्णालयाच्या दारी येई. बहुतेक आजार टाळता येण्यासारखे होते. पण ते टाळण्याची जागा रुग्णालय नव्हे, खेडे होते. अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन 1970 मध्ये हे दांपत्य परतले ते थेट जामखेडच्या अवर्षणग्रस्त तालुक्यात. गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत त्यांचे काम सुरू झाले.

लगेच 1972 चा दुष्काळ पुढे उभा राहिला. गावोगावी कूपनलिका खोदण्याचे काम निघाले, तेव्हा डॉ. आरोळे यांनी धरलेल्या आग्रहाचे मोल मला कोणत्याही शस्त्रक्रियेपेक्षा अधिक वाटते. हातपंप दलित वस्तीत बसवायचा, हा तो आग्रह. गावच्या विहिरीवर दूर उभे राहून कोणी घागरीत पाणी ओतील याची ज्यांनी वाट पाहावी, त्यांच्याच दारी आता सवर्ण घरांतील स्त्रिया कळशी घेऊन येऊ लागल्या. बाबासाहेबांनी 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याला तेव्हा पंचेचाळीस वर्षे होत आली होती!

आरोग्यसेवेसाठी प्रथम शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवून पाहिल्या. त्या तेथे रमल्या नाहीत आणि गावानेही त्यांना आपले मानले नाही. मग गावातीलच स्त्री निवडण्याचे ठरले. निवडलेल्यांत कित्येक दलित होत्या, काही परित्यक्ता व विधवा. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. त्या शिकण्यासाठी जामखेडला मुक्कामी येत. प्रारंभी सवर्ण स्त्रिया वेगळ्या जेवत, वेगळ्या निजत. त्यावर एकच भलेमोठे पांघरूण करण्यात आले. थंडी वाजली तर सर्वांनी त्याच्याखालीच यायचे. एका पंगतीत जेवून वाढलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना त्या पांघरुणाचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही.

मीठ-साखरेचे पाणी, बाळाचे वजन, गर्भवतीची तपासणी, स्वच्छ बाळंतपण, क्षय व कुष्ठरोगाची लक्षणे, एवढे ज्ञान या स्त्रियांनी आत्मसात केले. निरक्षर बायकांच्या हाती वैद्यक देणे धोक्याचे, असे म्हणणारे तेव्हाही होते. त्यांना आकड्यांनी उत्तर दिले. प्रकल्पाच्या गावांत 1971 च्या सुमारास हजार जन्मांमागे 176 बालके वर्षाच्या आत दगावत. नव्वदच्या दशकात ही संख्या तीसच्या खाली आली. जिची सावली टाळली जाई, तिलाच मध्यरात्री बाळंतिणीसाठी बोलावणे येऊ लागले.

1979 चा मॅगसेसे पुरस्कार आणि पुढे पद्मभूषण या दांपत्याला मिळाले. पण 1988 मध्ये वॉशिंग्टनच्या आरोग्य परिषदेत बोलावयास उभ्या राहिल्या त्या मुक्ताबाई पोळ, जामखेडच्या एक आरोग्य सेविका. सभागृहातील झगमगते दिवे म्हणजे डॉक्टर आणि आपण साध्या पणत्या, असे त्यांनी सांगितले. मात्र एका पणतीवर दुसरी लावता येते, हेही त्या विसरल्या नाहीत.

डॉ. मेबल 1999 मध्ये आणि डॉ. रजनीकांत 25 मे 2011 रोजी निवर्तले. कन्या डॉ. शोभा व पुत्र रवी यांनी काम पुढे चालविले. देशोदेशींचे डॉक्टर जामखेडला शिकावयास येतात आणि त्यांना शिकविणाऱ्यांत या सेविकाही असतात.