हक्कासोबत टीपीही हवा

चंद्रपूर

चि. बाळा,


तुझा ध्वनिमुद्रणाचा प्रोग्राम तयार झाला, कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला, आता ज्याला हवा त्याने उतरवून घ्यावा, असं तू कळवलंस. काम नेटकं झालंय आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण ज्याला तू शेवट म्हणतेस तिथे निम्मंच काम झालंय, असं मला वाटतं. हा प्रोग्राम तू कुणासाठी लिहिलास? गडचिरोली जिल्ह्यात भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याकडच्या शाळेतल्या शिक्षकाने गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून गोंडी-माडिया गोष्टी आणि गाणी रेकॉर्ड करावीत, नको तो भाग कापावा, नाव-गाव लिहून जपून ठेवावं, यासाठी. त्या शिक्षकाच्या लॅपटॉपवर तो उघडून रेकॉर्डिंग होत नाही, तोवर तो प्रसिद्ध झाला असं मी म्हणणार नाही. आणि तो तिथे उघडायचा, तर त्याला लागणाऱ्या लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेला जो तयार कोड तो वापरतो, त्या त्याच्यासोबतच, एकाच गठ्ठ्यात गेल्या पाहिजेत.

याला आपल्याकडचा दाखला आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तुला ठाऊक आहेच. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांत मेंढ्याचं नाव आहे. पण हक्काचा कागद हाती येऊनही गावाचा बांबू बाजारात जाईना. बांबू जंगलाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो, आपण सगळे ज्याला टीपी म्हणतो तो, आणि टीपीचं पुस्तक होतं वनखात्याकडे. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं, तेव्हा कुठे बांबूची वाट मोकळी झाली. मधल्या काळात कायदा तोच होता, जंगल तेच, बांबूही तोच. हक्क वापरायला जी वस्तू लागते ती हक्कदाराच्या हाती आली, एवढाच फरक. खुल्या परवान्याने तू शिक्षकाला प्रोग्राम वापरायचा, वाटायचा, बदलायचा हक्क दिलास. त्या हक्काचा टीपी म्हणजे सोबतच्या लायब्ररी. तो तू अजून दिलेला नाहीस.

आता तुझ्याच प्रोग्रामच्या पोटात बघ. ध्वनिफाइल वाचायला-लिहायला तू लिबएसएनडीफाइल घेतलीस, म्हणजे तुझ्या हिशेबी एक लायब्ररी. पण तिला फ्लॅकसाठी लिबफ्लॅक लागते, ऑगसाठी लिबऑग आणि लिबव्हॉर्बिस, ओपससाठी लिबओपस. आणि २०२२ च्या १.१.० आवृत्तीपासून ती एमपी३ही हाताळते, म्हणून लेम आणि एमपीजी१२३ मागोमाग आल्या. मायक्रोफोनसाठी पोर्टऑडिओ वेगळी. विंडोजवर सी++ ची रनटाइम आणखी वेगळी. तुझ्या मशीनवर या सगळ्या कधी ना कधी, दुसऱ्याच कशासाठी तरी येऊन बसल्या आहेत, म्हणून तुला त्या दिसतच नाहीत. शिक्षकाच्या मशीनवर यातली एक जरी नसली, तर आयकॉनवर दोनदा क्लिक केल्यावर एक छोटी खिडकी येते: अमुक डीएलएल सापडली नाही. खाली बटण एकच, ओके. ते दाबलं की सगळं संपलं. त्या संदेशावरून पुढे काय करायचं हे तुला कळेल, शिक्षकाला कसं कळावं? दोष तुझ्या गठ्ठ्याचा, पण तो माणूस म्हणेल, कॉम्प्युटर आपल्याला जमत नाही. तुझ्या चुकीचं ओझं त्याच्या डोक्यावर जावं, हे मला सर्वांत जास्त खुपतं.

तू म्हणशील, आता टॉवर गावोगावी झाले. प्रोग्राम बसवताना लायब्ररी नेटवरून आपोआप उतरतील. पण पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला, पूल पाण्याखाली गेला, की भामरागडचा संपर्क कसा तुटतो ते आपण दरवर्षी वाचतो. नेट असलं तरी ते मोबाइलवर असतं आणि प्रोग्राम लॅपटॉपवर बसवायचा असतो. शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०१० मध्ये सुरू झालेल्या सीजीनेट स्वरानेही गोंडीतल्या बातम्या आणि गाणी साध्या फोन कॉलवर घेतली, पुढे ब्लूटूथने हातोहात फिरवली, आणि त्याला तिकडच्या बोलीतलं ‘बुल्टू’ हेच नाव दिलं. लोकांच्या हाताशी जे साधन आहे त्यातूनच आवाज जातो. आपल्याकडे ते साधन पेन ड्राइव्ह आहे. आणि ‘उरलेलं तुमचं तुम्ही उतरवून घ्या’ याचा परिणाम काय होतो, हे ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रामच्या इतिहासात दिसतं. २००० साली बाहेर पडलेला हा प्रोग्राम जगभर पोचला, पण एमपी३च्या पेटंटमुळे लेम ही लायब्ररी त्यांना सोबत देता येत नव्हती; फाइल एमपी३मध्ये काढायची तर लेम वेगळी शोधून बसवावी लागे. २०१७ मध्ये पेटंटची अडचण संपली आणि २०१९ च्या २.३.२ आवृत्तीत लेम विंडोज आणि मॅकच्या गठ्ठ्यातच आली. त्यांच्यापुढे कायद्याची भिंत होती, नाइलाज होता. तुझ्यापुढे ती नाही, मग तोच त्रास लोकांना पुन्हा कशाला?

मात्र दिसेल ते सगळं गठ्ठ्यात कोंबायचं नाही. प्रवासाला भाकरी बांधून न्यावी, पाणी मुक्कामाच्या गावचं प्यावं. लिनक्सवर आल्सा आणि जॅकच्या लायब्ररी त्या मशीनच्याच वापरायच्या, कारण त्यांना तिथल्याच ध्वनियंत्रणेशी बोलायचं असतं. तुझी प्रत पुढे घुसवलीस तर मायक्रोफोन सापडेलच असं नाही. लिनक्सची पायाभूत लायब्ररी ग्लिबसी, तिचंही तसंच. ती सोबत न्यायची नसते, पण नव्या उबुंटूवर बांधलेला प्रोग्राम जुन्या उबुंटूवर ‘ग्लिबसीची ही आवृत्ती नाही’ म्हणून अडतो. म्हणून बांधणी करायची ती ज्या सर्वांत जुन्या यंत्रणेवर प्रोग्राम चालावा असं तुला वाटतं तिच्यावर. नव्यावर तो मग सहसा चालतोच. विंडोजवर डीएलएल, म्हणजे लायब्ररीच्या फाइल, प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये ठेव, शोध आधी तिथेच घेतला जातो. आणि एक चाचणी तू केलेली नसणार असा माझा अंदाज आहे: फोल्डरचं नाव देवनागरीत ठेवून बघ. ‘रेला गाणी’ असल्या नावाच्या फोल्डरमध्ये फाइल जतन करताना पुष्कळ चांगले प्रोग्राम तोंडघशी पडतात, कारण लिहिणाऱ्याच्या मशीनवर फाइलचे सगळे पत्ते रोमन अक्षरांत असतात. आपला शिक्षक फोल्डरला नाव आपल्या लिपीतच देणार, आणि तेच बरोबर आहे.

तुझ्या बाजूने सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षेचा आहे, आणि तो मी हलक्यात घेत नाही. डेबियनसारख्या लिनक्स प्रकल्पांतले लोक आग्रह धरतात की लायब्ररीची प्रत प्रत्येक प्रोग्रामच्या पोटात नको, यंत्रणेत एकच असावी. म्हणजे भोक सापडलं, ते एकदा बुजवलं, की सगळ्यांचं बुजलं. हे खरं आहे. मार्च २०१८ मध्ये लिबव्हॉर्बिसमध्ये असं भोक सापडलं की बिघडवलेल्या ध्वनिफाइलमधून हल्लेखोराला आत शिरता यावं. फायरफॉक्सला त्यासाठी तातडीने ५९.०.१ ही आवृत्ती काढावी लागली. आवाजाची फाइल म्हणजे निरुपद्रवी, हा समज तेव्हा मोडायला हवा होता. पण डेबियनची व्यवस्था जिथे अद्ययावत प्रती नियमित पोचतात तिथली आहे. ज्या लॅपटॉपला महिनोन् महिने नेट लागत नाही, तिथे यंत्रणेतली लायब्ररीही तितकीच शिळी असते. शिवाय विंडोजवर अशी सामायिक लिबव्हॉर्बिस मुळात असतेच कुठे? म्हणून मी उलट म्हणेन: सोबत दे, पण दिलीस की तिची जबाबदारी तुझी झाली हे मनात पक्कं धर. कोणती लायब्ररी, कोणती आवृत्ती, कुठून घेतली, याची यादी गठ्ठ्यात असू दे. गरज नाही ती लायब्ररी काढून टाक. एफएफएमपेग फक्त व्हिडिओतून आवाज काढायला घेतली असशील तर ती सोड, तेवढा गठ्ठाही हलका होईल. आणि ज्या वाटेने पहिला पेन ड्राइव्ह गेला, त्याच वाटेने दुसरा जाईल याची सोय आधी लाव. एवढं करूनही काही मशीनवर जुनी प्रत राहीलच. ती किंमत आहे, आणि प्रोग्राम मुळीच न चालण्यापेक्षा ती मला कमी वाटते.

परवान्यांबद्दल तू लिहिलंस की गडचिरोलीत कोण विचारायला येतंय. कुणी येणार नाही, हे मान्य. तरीही ऐक. लिबएसएनडीफाइल आणि लेम या एलजीपीएलखाली आहेत. त्यांची एक महत्त्वाची अट अशी की वापरणाऱ्याला ती लायब्ररी काढून तिची बदललेली प्रत घालता आली पाहिजे. डीएलएल वेगळी ठेवलीस तर ही अट सहज पाळली जाते, सगळं एकात वितळवलंस तर अडचण होते. लिबफ्लॅक, ऑग, व्हॉर्बिस, ओपस यांची अट त्याहून सोपी: मूळ लेखकाची सूचना सोबत ठेवा, बस. एफएफएमपेग ठेवायचीच असेल तर ती कोणते पर्याय देऊन बांधली आहे ते पाहा. ‘नॉनफ्री’ पर्याय लावून बांधलेली प्रत वाटायलाच परवानगी नाही. तुझा स्वतःचा कोड जीपीएलखाली आहे, म्हणजे प्रोग्राम पुढे वाटणाऱ्याला त्याचा स्रोतही द्यावा लागतो. पेन ड्राइव्हवर शेजारीच ‘स्रोत’ नावाचा फोल्डर ठेवलास की झालं. यात काचणारं एवढं काय आहे? उलट विचार कर. उद्या ग्रामसभा म्हणेल, ही गाणी आमची आहेत, सणाची गाणी बाहेर देऊ नका, गाणाऱ्याचं नाव लिहा. ती अट पाळलीच पाहिजे असं तू सगळ्यांना ठणकावून सांगशील. दूरदेशी ज्यांनी वर्षानुवर्षं खपून फुकट लायब्ररी लिहिल्या, त्यांची एका पानाची अट आपणच ओलांडली, तर ते सांगायचं तोंड आपल्याला उरेल का? शिवाय स्रोत असला तरच एटापल्लीचं एखादं हुशार पोर पुढेमागे मेनूतले शब्द माडियात करू शकेल.

शेवटची गोष्ट गठ्ठा बांधण्याच्या रीतीची. तो हाताने बांधू नकोस. एक आज्ञा दिली की कोऱ्या मशीनवर पहिल्यापासून शेवटपर्यंत बांधला जाईल अशी स्क्रिप्ट लिही आणि ती कोडसोबत खुली ठेव. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लायब्ररीत चोरदार सापडलं, ते उघड कोडमध्ये पूर्ण दिसत नव्हतं. प्रसिद्धीसाठी बांधलेल्या गठ्ठ्यात एक फाइल जास्तीची होती, ती त्याला जागं करत होती. कोड खुला म्हणून गठ्ठाही तसाच असेल, असं त्यामुळे कुणी गृहीत धरू नये. बांधून झाल्यावर गठ्ठा जसाच्या तसा आहे हे पडताळायची खूण, म्हणजे एसएचए-२५६ ची ६४ अक्षरं, काढ आणि ती पेन ड्राइव्हबरोबर न पाठवता दुसऱ्या वाटेने पाठव, एसएमएसने किंवा कागदावर छापून. हातोहात फिरताना फाइल अर्धवट उतरते, व्हायरसही चिकटतो. तालुक्याला कुणीतरी एकाने जुळवून पाहिलं तरी पुरे.

तेव्हा आता असं कर. जुनं विंडोज असलेला एखादा लॅपटॉप मिळव, त्यावर दुसरं काही टाकू नकोस, वायफाय बंद कर. पेन ड्राइव्ह लाव, प्रोग्राम बसव, पाच मिनिटं रेकॉर्ड कर, देवनागरी नावाच्या फोल्डरमध्ये फ्लॅक म्हणून ठेव, बंद करून पुन्हा उघड. मग तेच एखाद्या अशा माणसाला करायला सांग ज्याने तुझा प्रोग्राम कधी पाहिलेला नाही, आणि तू शेजारी बसून तोंडातून शब्द काढू नकोस. तो जिथे अडेल ते लिहून मला पाठव. पर्लकोटा चढायच्या आत, मे महिन्यातच, पहिले पेन ड्राइव्ह निघायला हवेत.

तुझा,
मामा