जुनी पद्मिनी घेताय? आधी पत्रा बघा, मग पॉलिश

प्री-वेडिंग शूट, कॅफेसमोरची सजावट, लग्नात नवरदेवाची गाडी... जुनी प्रीमियर पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर घेऊन व्यवसाय करायची आयडिया चांगली आहे. पण लक्षात ठेवा, इंजिन बिघडलं तर खोलून पुन्हा बांधता येतं. आतून सडलेला पत्रा मात्र तुमचं भांडवल खातो आणि सीझनही.

कारण काय? या दोन्ही गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चेसिस फ्रेम नाही. बॉडीचा पत्रा हाच सांगाडा. त्यात मुंबई-कोकणातली खारी, दमट हवा गंजाचा वेग वाढवते. म्हणून गाडी आयुष्यभर कुठे उभी होती, हा पहिला प्रश्न विचारा.

आता तपासणी. सोबत टॉर्च, छोटं लोहचुंबक, स्क्रू ड्रायव्हर आणि फोन घ्या.

१. गाडी कोरडी असताना, दिवसा बघा. ओल्या गाडीवर सगळा रंग चकाकतो. उन्हात बाजूने तिरकं बघा. रंगाला बारीक फोड दिसले तर समजा, गंज आतून बाहेर येतोय. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंग फुगतो. बाहेर फोड रुपयाएवढा असेल, तर आत भोक त्याहून मोठं असू शकतं.

२. चुंबक फिरवा. पातळ कापडात गुंडाळा, म्हणजे रंगावर ओरखडा नको. मडगार्डच्या कडा, दारांचा खालचा भाग आणि हेडलाइटच्या आजूबाजूला फिरवा. जिथे पकड ढिली होते, तिथे लांबी जाड भरलेली आहे. एखाद्या पोच्यासाठी लांबी चालते. पण दाराच्या पूर्ण खालच्या पट्टीत लांबी असेल, तर खाली पत्रा उरलाय का, हाच प्रश्न आहे.

३. पाणी साचतं तिथे बघा. मॅटिंग उचला. डिकीत स्टेपनीखाली बघा. पुढच्या-मागच्या काचेच्या बीडिंगजवळ आणि बॅटरीखाली टॉर्च मारा. दाराच्या तळाशी पाणी निघायची छोटी भोकं असतात. ती मातीने किंवा रंगाने बुजली असतील, तर पावसाचं पाणी आतच राहिलंय.

४. खालून बघा. इथे कंजूषी नको. वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर गाडी चढवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. दारांखालचा पोकळ भाग, जॅक लावायच्या जागा, सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं ती जागा, हे सगळं मालकाची परवानगी घेऊन स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर धोका. खाली ताजा काळा डांबरी कोट दिसला, तर 'हा कधी मारला आणि का?' असं सरळ विचारा.

५. दारं उघडून-लावून बघा. दार खाली लोंबतंय, किंवा लावताना उचलावं लागतंय? बिजागरी झिजली असेल, किंवा ती बसते तो खांब सडला असेल. दुसरं कारण निघालं तर गाडी सोडा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: हिशोब. प्रत्येक जागेचा फोटो काढा आणि डेंटिंगवाल्याकडून लेखी कोटेशन घ्या. समजा, तशीच धडधाकट गाडी २,५०,००० रुपयांना मिळते आणि पत्र्याचं कोटेशन ८०,००० आलं. पत्रा कापल्यावर आणखी काम निघतंच, म्हणून २५ टक्के, म्हणजे २०,००० राखीव धरा. २,५०,००० वजा १,००,००० बरोबर १,५०,०००. हा तुमचा शेवटचा आकडा. शिवाय गाडी जितके महिने गॅरेजमध्ये, तितके महिने कमाई शून्य. तेही मांडा.

मालक म्हणेल, 'साहेब, रंग नवीनच मारलाय!' मारू दे. नवीन रंगाचे पैसे देऊ नका. नवीन रंग असलेली गाडी उलट दुप्पट तपासा. आणि मालक चुंबक लावू देत नसेल, तर हात जोडून निघा. गाडी दुसरी मिळेल, भांडवल पुन्हा जमवायला वर्षं लागतात.

आजचं काम: ओळखीच्या कुठल्याही जुन्या गाडीवर ही पाच पावलं करून बघा. हाताला सवय झाली की मगच सौद्याला बसा. नोंदणी आणि व्यावसायिक वापराचे नियम पुढच्या धड्यात. तोपर्यंत टोकन देऊ नका!